चढाईवर गेलेल्याला मागून ओरडायचं नसतं

कबड्डीच्या नियमांत एक कलम आहे. वर्षानुवर्षं खेळलेल्यांनाही ते विचारल्याशिवाय आठवत नाही. आपला चढाईपटू समोरच्या अंगणात असताना त्याच्याच संघातल्या कुणी त्याला मागून सावध केलं, सूचना दिली, तर पंच समोरच्या संघाला एक गुण देऊ शकतात. आपल्याच माणसाला सल्ला दिला म्हणून दंड!

पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं. सल्ला तर चांगल्यासाठीच दिला ना? पण चढाईवर गेलेल्याच्या जागी उभं राहून बघा. दम चालू आहे, एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ चाललंय, समोर सात जण आहेत, कोपऱ्यावरचा पाय टाकायच्या तयारीत आहे. त्याला उत्तर देता येत नाही. तोंड दमात अडकलेलं आहे. अशा वेळी मागून तिघांनी तीन गोष्टी ओरडल्या, तर तो समोर बघणार की मागचं ऐकणार? नियम करणाऱ्यांच्या डोक्यात मुख्य गोष्ट न्यायाची असणार, म्हणजे चढाई ही एकट्याची परीक्षा आहे. पण त्या कलमातून एक शहाणपण आपोआप जपलं गेलं. सल्ला बरोबर असून भागत नाही, त्याची वेळही बरोबर असावी लागते.

मंडळी, हे कलम आज काढायचं कारण मैदानातलं नाही, मोबाइलमधलं आहे.

संध्याकाळी कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर बघा. चार पोरं एका रांगेत, कानात इअरफोन, माना खाली. चौघं एकाच खेळात, एकाच संघात. कधी चौथा इथे नसतोच, तो कर्जतला नाहीतर थेट बिहारमध्ये बसलेला असतो. बोलणं काय चालतं, ते जरा थांबून ऐका. ‘आरं डावीकडं बघ ना!’, ‘तुला कितीदा सांगितलं’, ‘तुझ्यामुळं गेलो’, आणि शेवटी ते ठरलेलं, ‘खेळता येत नाही तर डिलीट कर’. पुढचे शब्द इथे लिहिता येत नाहीत.

मोबाइल गेमबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, वेळ आणि पैसा. पोरगं किती तास खेळतं, आणि पैसे तर घालवत नाही ना. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण तिसऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष नाही. ही पोरं रोज तासन्‌तास एकमेकांना शिकवतायत, चुका दाखवतायत, सूचना देतायत. एवढा सल्ला आपण शाळेतही दिला-घेतला नसेल. आणि तो कसा द्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या जुन्या खेळांना मात्र हे माहीत होतं. प्रत्येक खेळाने सल्ल्याची वेळ, माणूस आणि पद्धत ठरवून ठेवली होती.

सुरुवात तालमीपासून करू. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं महाराष्ट्राला पाठ आहेत. तिथे नवीन पोरगं आलं की पहिले काही महिने त्याला डाव शिकवायची घाई कुणी करत नाही. हौद उकरायचा, जोर-बैठका काढायच्या, मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं. वस्ताद नुसता बघत असतो. पुढे एखादा मोठा पैलवान त्याला सरावाला अंगावर घेतो, मुद्दाम थोडी ढील देतो, डाव लागू देतो आणि चुकला की हात धरून दाखवतो, ‘पकड इथं नाही, इथं.’ शब्द कमी, हात जास्त. दुसऱ्या दिवशी तेच पोरगं त्याच हौदात येणार असतं, म्हणून आजच सगळं ओतायची गरज नसते. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, हे दोघांनाही माहीत असतं. वस्तादाचा शब्द कडक असतो, पण त्यामागे खुराकाची चौकशी असते, घरच्यांशी बोलणं असतं.

मग आपली कबड्डी. तिला एकेकाळी महाराष्ट्रात हुतूतू म्हणायचे. गावोगावचे नियम वेगळे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या संस्थांनी ते एकत्र आणून छापील केले. १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य या खेळाला दिलं. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९०ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली, २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, टीव्हीवर गेला.

या सगळ्या प्रवासात सल्ल्याची जागा पक्की राहिली. प्रशिक्षकाला बोलायचं तर टाइम आऊट घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचा टाइम आऊट, एका डावात दोनदा. त्या तीस सेकंदांत सात जणांना किती गोष्टी सांगता येतील? फार तर दोन. म्हणून चांगला प्रशिक्षक आधीच ठरवतो की दहा चुकांपैकी आत्ता सांगण्यासारखी कुठली. बाकीच्या आठ उद्याच्या सरावाला.

खो-खोत तर अख्खा सल्ला एका अक्षराचा आहे. बसलेल्या गड्याच्या मागून जायचं, पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. स्पर्श झाला पण आवाज नाही, चूक. आवाज झाला पण स्पर्श नाही, चूक. ‘ऊठ, आता तुझी पाळी, तो तिकडे पळतोय’ एवढं सगळं त्या एका ‘खो’त येतं. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तिथेही कामाला आला तो हाच एका अक्षराचा निरोप.

बुद्धिबळात डाव चालू असताना कुणाचाही सल्ला घेणं म्हणजे सरळ नियमभंग. बघणाऱ्यानेही तोंड मिटून बसायचं. पण डाव संपला की एक सुंदर रिवाज आहे. हरलेला आणि जिंकलेला, दोघं पुन्हा सोंगट्या मांडतात आणि एकत्र बघतात की नेमकं कुठे बिघडलं. जिंकलेला म्हणतो, ‘इथं तुम्ही घोडा का हलवला? मला तर उंटाची भीती होती.’ वाक्य नीट बघा. त्यात प्रश्न आहे, आणि ‘मीही घाबरलो होतो’ अशी कबुलीही आहे. समोरच्याला आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला जागा मिळते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाची जी परंपरा रुजवली, तिथपासून आजच्या नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत, जी २०२५ला महिला विश्वचषक जिंकून आली, कुठलाही खेळाडू विचारा. डावानंतरच्या अशा बसण्यात किती शिकायला मिळतं, ते तो सांगेल.

टेबल टेनिसमध्ये पूर्वी प्रशिक्षकाला फक्त दोन गेमच्या मधे किंवा अधिकृत विश्रांतीत बोलता यायचं. २०१६ला नियम सैल झाला. आता केव्हाही बोला, फक्त रॅली चालू असताना नको. म्हणजे जगाने सूट दिली तीही हात राखून. चेंडू हवेत असताना गप्प.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, पण कडक बोलल्याशिवाय खेळाडू घडत नाही. आचरेकर सर बघा.

बघूया. नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकर म्हणाला होता की एकोणतीस वर्षांत सर मला कधीही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, मी हुरळून जाईन म्हणून. हे वाक्य सगळ्यांना आठवतं. पण त्याच भाषणात त्याने हेही सांगितलं की सर स्कूटरवर बसवून त्याला मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसाला दोन-दोन सामने खेळवायचे. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये यष्टीवर ठेवलेलं ते रुपयाचं नाणंही सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर बाद झाला नाही तर नाणं सचिनचं. म्हणजे तोंडाने कौतुक नव्हतं, पण वेळ होता, पेट्रोल होतं, नाणं होतं. सरांचा कडकपणा त्या शिदोरीवर उभा होता. आणि तो पोरगा कोण, कुठल्या बोलण्याने पेटतो आणि कुठल्या बोलण्याने विझतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पंचवीस मिनिटांच्या ओळखीवर, नावही माहीत नसलेल्या मुलाला ‘डिलीट कर’ म्हणणारा स्वतःला आचरेकर समजत असेल, तर त्याने आधी स्कूटर काढावी.

आता मैदान बदललं, ते कसं, तेही थोडक्यात बघू.

दोन हजारच्या आसपास काउंटर स्ट्राइक आला आणि पुढच्या काही वर्षांत कर्जत-खोपोलीच्या सायबर कॅफेंत तो पोचला. तासाचे पैसे भरायचे आणि पाच-सहा जणांनी शेजारी शेजारी बसून खेळायचं. आरडाओरडा तेव्हाही भरपूर व्हायचा. पण ज्याला शिवी दिली तो हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. त्याचं तोंड उतरलेलं दिसायचं. गल्ल्यावर कॅफेवाला बसलेला असायचा, तो एकदा म्हणायचा, ‘आवाज कमी, नायतर बाहेर.’ तो झाला पंच. आणि खेळ संपल्यावर वडापाव सगळ्यांनी मिळूनच खायचा असायचा.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. २०१८ला पबजी मोबाइल आला. शंभर जण एका बेटावर, चार-चारांचे संघ, शेवटी जो उरेल तो जिंकला. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, २०२२च्या जुलैत पुन्हा बंद झाला, मे २०२३ला परत आला. या येण्याजाण्यात पोरांची सवय काही तुटली नाही. गेला तो कॅफेवाला, गेलं ते शेजारचं तोंड, गेला तो वडापाव. राहिला कानातला आवाज.

आणि या खेळात एक नवीनच माणूस तयार झाला. आपण मेलो तरी खेळातून बाहेर जावं लागत नाही. जो साथीदार जिवंत आहे त्याच्या स्क्रीनवरून पुढचा खेळ बघता येतो आणि बोलताही येतं. म्हणजे संघातले तिघं बाद झाले, चौथा एकटा उरला, चार बाजूंनी गोळ्या येतायत, आणि त्याच्या कानात तीन मेलेले एकाच वेळी ओरडतायत, ‘डावीकडं!’, ‘झाडामागं!’, ‘पळ!’ शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकून दिशा ओळखायची, हे या खेळातलं मुख्य कसब. तेच या तिघांच्या ओरडण्यात बुडतं.

हा कबड्डीतलाच चढाईपटू आहे. एकटा, दमात, समोर सगळे. फरक एवढाच की इथे मागून ओरडणाऱ्याला एक गुणाचा दंड करायला पंच नाही.

जगात याचा विचार आधीपासून झालेला आहे. १९७८ला इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा खेळ केला. चित्र नाही, नुसता मजकूर, पण अनेक जण एकाच वेळी खेळू शकायचे. आजच्या ऑनलाइन खेळांचा हा पणजोबा. पुढे १९९६ला बार्टलने खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांचे चार रंग दिले. चौकट म्हणजे ज्याला गुण, पातळी, बक्षीस हवं. इस्पिक म्हणजे ज्याला नकाशाचे कोपरे धुंडाळायचेत. बदाम म्हणजे जो माणसांसाठी खेळतो, गप्पा मारायला येतो. आणि किलवर म्हणजे ज्याला दुसऱ्याला त्रास देण्यातच मजा.

सल्ला देणाऱ्याला ही वाटणी फार कामाची आहे. चौकटवाल्याला ‘इथून गेलास तर गुण वाढतील’ म्हटलेलं आवडतं. इस्पिकवाल्याला ‘त्या टेकडीमागे एक वाट आहे, बघून ये’ एवढं पुरतं. बदामवाला दिवसभर कारखान्यात शिफ्ट करून आलेला असतो, त्याला नेम सुधारायचा नसतो, चार मित्रांत अर्धा तास घालवायचा असतो. त्याला नेमबाजीचे धडे देणं म्हणजे लग्नात जेवायला आलेल्याला आचारी करण्यासारखं. आणि किलवरवाल्याला सल्ला देऊच नका. त्याचा आवाज बंद करा.

लीग ऑफ लीजंड्स हा खेळ चालवणाऱ्या रायट कंपनीने २०१२च्या ऑक्टोबरात ‘मान’ द्यायची सोय केली. खेळ संपला की चांगलं वागलेल्याला इतरांनी मान द्यायचा. आणखी एक साधा प्रयोग त्यांनी केला. समोरच्या संघाशी बोलायची सोय आपोआप चालू असायची, ती आपोआप बंद ठेवली. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी. बोलण्याचं एकूण प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण घाणेरडं बोलणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. मधे एक पायरी ठेवली, तेवढ्याने फरक पडला. आपल्याकडची ‘बोलायच्या आधी घोटभर पाणी पी’ ही आजीची शिकवण यापेक्षा वेगळी नाही.

२०१४च्या हार्थस्टोन या पत्त्यांच्या खेळात तर मोकळं बोलणंच काढून टाकलं. सहा ठरावीक उद्गार, बस. नमस्कार, छान खेळलास, धन्यवाद, सॉरी वगैरे. तरी लोकांनी वाट काढली. समोरच्याची पानं कापली की मुद्दाम ‘सॉरी’ पाठवायचं. ते इतकं वाढलं की २०१६ला ‘सॉरी’ काढून त्या जागी ‘वाव’ ठेवावं लागलं. आपल्या शेजारच्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ला आला आणि लॉकडाऊनमध्ये घराघरात गेला. त्यातही सोंगटी मारल्यावर हसरा चेहरा पाठवणारा एखादा मेहुणा प्रत्येक कुटुंबात आहे. शब्द गोड असून चालत नाही, मागचा हेतू समोरच्याला बरोबर कळतो.

आणि फेब्रुवारी २०१९ला एपेक्स लीजंड्सने खुणेची पद्धत आणली. बोलायचं नाही, जागेवर ठिपका ठेवायचा. ‘इथे शत्रू’, ‘इथे जाऊ’, ‘इथे बंदूक पडलीये’. न बोलताही तीन अनोळखी माणसं नीट खेळू शकतात, हे त्यातून दिसलं. बीजीएमआयमध्येही नकाशावर खूण करता येते, ठरावीक निरोप पाठवता येतात. वापरणारे कमी, ओरडणारे जास्त. ही खूण म्हणजे खो-खोतला ‘खो’च आहे की.

महाभारतातला शल्य आठवतो का? कर्णाचा सारथी. तो कर्णाच्या रथात बसायच्या आधीच युधिष्ठिराने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की युद्धात तू कर्णाचा तेजोभंग कर. आणि शल्याने ते केलं. अर्जुन कसा मोठा आणि तू कसा छोटा, हे तो लढाईच्या तोंडावर कर्णाला ऐकवत राहिला. त्याच वेळी अर्जुनाच्या रथात कृष्ण होता. दोघंही सारथी, दोघंही बोलणारे. शल्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही, अर्जुन मोठा होताच. पण ते कुठे आणि केव्हा बोलावं? शत्रूने कर्णाविरुद्ध वापरलेलं हे एक हत्यार होतं. आज आपली पोरं ते आपल्याच संघातल्या पोरावर फुकट वापरतात आणि मग विचारतात, आपण हरलो का.

हे एवढं लांबवायचं कारण हा नुसता खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. ज्या पोराला रोज ऐकवलं जातं तो आधी माइक बंद करतो, मग खेळणं बंद करतो, आणि मग कट्ट्यावर येणंही. खेळ सुटला तर घरचे खूशच होतील. पण पोरगा मित्रांतून तुटला तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मुली तर खेळत असल्या तरी आवाज चालू करत नाहीत. बाईचा आवाज ऐकला की काय काय ऐकावं लागतं, ते त्यांना विचारा. आणि एकाच गावातली पोरं असतील तर रात्री फोनवर झालेलं भांडण सकाळी कबड्डीच्या मंडळात आणि कंपनीच्या बसमध्ये येतं. मोबाइलमध्ये उगवलेलं भांडण गावात निस्तरावं लागतं.

शिवाय काळही बदलतोय. डिसेंबर २०२२ला केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. २०२३ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये त्याला पदकं होती. ऑगस्ट २०२५ला संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन, असं त्याचं ढोबळ स्वरूप. म्हणजे उद्या आपल्या तालुक्यातून एखादा संघ पुढे जाऊ शकतो. संघ म्हटला की नेम लागतोच, पण एकमेकांना सांभाळून सांगायची रीतही लागते. ती आपल्या मातीत आहे. खाशाबा जाधव १९४८ला लंडनला मातीतून थेट मॅटवर उतरले तेव्हा सहावे आले, चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. कसब तेच होतं, नव्या जागेवर ते बसवून घ्यावं लागलं. आपल्यालाही हेच करायचंय.

तर पोरांनो, जुन्या खेळांतून उचललेल्या या काही गोष्टी. वापरून बघा.

एक. लढत चालू असताना फक्त माहिती द्या, मत देऊ नका. ‘उजवीकडे दोन जण, लाल घरात’ ही माहिती. ‘किती वेळा सांगू, बघत जा’ हे मत. मत रॅली संपल्यावर.

दोन. शेवटचा एकटा उरला असेल तर मेलेल्यांनी गप्प बसायचं. त्याने विचारलं तर एकानेच बोलायचं. कबड्डीचं कलम समजा. प्रत्येक ओरडण्याला समोरच्याला एक गुण.

तीन. आधी विचारा. ‘एक सांगू का?’ या तीन शब्दांनी निम्मं काम होतं. समोरचा ‘नको’ म्हणाला तर राग धरू नका. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हा त्याचा हक्क आहे.

चार. एका खेळाला एकच चूक. तीस सेकंदांचा टाइम आऊट डोक्यात ठेवा. बाकीच्या उद्या.

पाच. ‘तू’पेक्षा ‘आपण’ वापरा. ‘तू पुढे गेलास म्हणून मेलो’ याऐवजी ‘पुढच्या वेळी आपण दोघं एकत्र जाऊ’. गोष्ट तीच, पण दुसऱ्या वाक्यात तुम्हीही त्याच्याबरोबर आहात.

सहा. सगळ्यांसमोर नको. नवशिक्याला चुकीचं बटण दाखवायचं असेल तर खेळ संपल्यावर बाजूला सांगा. वस्ताद हौदाच्या कडेला घेऊन सांगतो, तसं.

सात. जमलं ते आधी आणि नेमकं सांगा. उगाच ‘भारी भारी’ करू नका, पोरांना खोटं कळतं. ‘मला उचलायला आलास, तेव्हा वेळेवर आलास’ एवढं खरं वाक्य पुरतं.

आठ. अनोळखी माणसाला अहो-जाहोने सुरुवात करा. पलीकडे बारा वर्षांचा पोरगा असेल, नाहीतर चाळिशीतले काका असतील. आपल्याकडे ‘दादा’ हा फार सोयीचा शब्द आहे, लहानालाही चालतो, मोठ्यालाही. आणि समोरचा मर्यादा सोडून बोलायला लागला की सल्ला, उपदेश, उलट शिवी, काही नको. आवाज बंद, तक्रार नोंदवा, पुढे चला.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट. ‘बंद कर तो गेम’ याखेरीज आपण या पोरांशी काही बोलत नाही. एकदा शेजारी बसून विचारा, तुमच्यात कॅप्टन कोण, चुकलं तर काय बोलता. आणि गावोगावच्या कबड्डी मंडळांना विनंती आहे. स्पर्धेच्या आधी पोरं जमलेली असतात, तेव्हा एखाद्या जुन्या खेळाडूला दहा मिनिटं उभं करा. त्याला बीजीएमआय कळत नसेल, काही बिघडत नाही. चढाईवर गेलेल्याला मागून का ओरडायचं नाही, एवढंच त्याने सांगावं. बाकीचं पोरांना आपोआप कळेल.

तुमच्या गावात, तुमच्या घरात काय चित्र आहे? पोरांनी सांगा, आईवडिलांनीही सांगा. आणि मुलींनो, तुम्ही तर नक्की सांगा. फक्त एक अट, खाली कमेंटमध्येही वरचे आठ नियम लागू आहेत.